देवणी शोधली तर काय सापडतं? सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयांची एक झडती

(देवणी इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. उपशीर्षकं वाचकांच्या सोयीसाठी घातली आहेत.)



पत्रिकेवर आजचा विषय 'डिजिटल ग्रंथालये : संधी आणि आव्हाने' असा छापलाय. असल्या शीर्षकाखाली तासभर काहीही बोलता येतं. म्हणून मी तो जरा आवळून घेतो. देवणीतला एक वाचक आहे. कॉलेजातली मुलगी असेल, शिक्षक असेल, नाहीतर जमिनीचे जुने कागद शोधणारा शेतकरी असेल. त्याच्या हातात मोबाईल आहे. सगळे सांगतात की आता जगातली पुस्तकं फुकट मिळतात, इंटरनेटवर सगळं आहे. तर त्या माणसाला आपल्या गावाबद्दल, आपल्या भागाबद्दल तिथं नेमकं काय सापडतं? आणि जे सापडत नाही, ते का सापडत नाही? एवढाच माझा विषय.

मोजायला काहीतरी माप हवं. आपल्याकडं ते तयार आहे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. ग्रंथ वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. यात 'पुस्तकं किती आहेत' हे कुठंही नाही, बघा. आज डिजिटल ग्रंथालयाची जाहिरात मात्र आकड्यानं होते. इतके लाख ग्रंथ, इतके कोटी पानं. रंगनाथन विचारतील, वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला का? तोच प्रश्न आपण धरून चालू.

ओसरी देणारी ग्रंथालयं

आधी ही ग्रंथालयं असतात कशी ते थोडक्यात सांगतो. आपल्या डोक्यात ग्रंथालय म्हटलं की कपाटं, ग्रंथपाल आणि दाखल नोंदवही येते. सार्वजनिक डिजिटल ग्रंथालय बऱ्याचदा वेगळं चालतं. ते दुसऱ्यांच्या प्रकल्पांना जागा देतं. वाड्याच्या ओसरीवर एका कोपऱ्यात शिंपी बसलेला असावा, दुसऱ्या कोपऱ्यात पोथी चाललेली असावी, तसं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठानं १९९२ साली अशी एक ओसरी उघडली, तिचं आजचं नाव 'इबिब्लिओ'. कुणाचं संगीत, कुणाची मोफत सॉफ्टवेअरं, कुणाची पुस्तकं, सगळं एका छपराखाली. १९९६ साली ब्रूस्टर केल यांनी सुरू केलेलं 'इंटरनेट आर्काइव्ह' त्याहून मोठं. तिथं तुम्ही-आम्हीसुद्धा पुस्तक चढवू शकतो.

आपल्या कामाची आणखी काही नावं सांगतो. शिकागो विद्यापीठाची 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी' आहे. तिथं मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. आपल्याकडं आयआयटी खरगपूरनं चालवलेली 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' आहे. ती मुख्यतः नोंदी गोळा करते आणि तुम्हाला मूळ ठिकाणी पाठवते. महाराष्ट्रात विश्वकोश मंडळाचे सगळे खंड ऑनलाइन आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. जिल्हा गॅझेटियर आहेत. मराठी विकिस्रोत आहे. आणि 'पारी', म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय आहे.

यादी मोठी आहे आणि ती खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मोल्सवर्थ बघायचा तर लातूरला किंवा संभाजीनगरला जावं लागे, आणि तिथं तो कुलपात असे. आज तो खिशात आहे. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. पण कृतज्ञता ठेवली म्हणून टीका करायची नाही असं नसतं. उलट, आपल्या कामाची वस्तू असेल तरच माणूस तिच्यातली खोट काढतो.

देवणी, देओनी, आणि बीदर

आता प्रयोग करू. शोधाच्या चौकोनात 'देवणी' लिहा, देवनागरीत. बातम्या येतील, तालुक्याची माहिती येईल, हवामान येईल. जुनी पुस्तकं फारशी येणार नाहीत. आता इंग्रजीत लिहा. कसं लिहाल? आपण उच्चारतो तसं लिहिलं तर एक. सरकारी इंग्रजी कागदावर मात्र ते 'देओनी' असं आहे, मध्ये 'व्ही' नाही, 'ओ' आहे. त्या रूपानं शोधलं की एकदम ढिगारा निघतो. आणि पहिलं कोण येतं? आपली गाय!

हसू नका, ही अभिमानाची गोष्ट आहे. देवणी गोवंशावर पशुवैद्यकाच्या मंडळींनी भरपूर लिहून ठेवलंय. दूध किती, वजन किती, बैल ओढकामाला कसा. पण गंमत अशी की ज्या शेतकऱ्यानं ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याला त्या माहितीपर्यंत जायचं तर आपल्या गावाचं नाव आधी चुकीचं लिहावं लागतं. वानेरा, बालंक्या, शेवरा हे आपले शब्द. जनावर बघून कुणीही इथं सांगेल, हे वानेरा आहे. हेच शब्द संशोधनाच्या कागदात रोमन लिपीत तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेले आहेत. एक रूप शोधलं तर दुसऱ्या रूपातला लेख निसटतो. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक हे सूत्र इथं स्पेलिंगपाशी अडकतं.

ही झाली नावाची अडचण. त्याहून मोठी अडचण जिल्ह्याची आहे. देवणी तालुका आधी उदगीर तालुक्याचा भाग. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, तो उस्मानाबादमधून निघाला, ज्याला आता धाराशिव म्हणतात. आणि १९५६ च्या आधी? राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते, हैदराबाद राज्यात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची देवणी शोधायची असेल तर ती लातूरच्या कपाटात नाही. ती बीदरच्या कपाटात आहे, आणि बीदर आज कर्नाटकात आहे. १९०९ च्या सुमारास निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये उदगीर 'बीदर जिल्हा, हैदराबाद संस्थान' असंच मिळेल. जुन्या जनगणनेच्या अहवालातही तेच.

म्हणजे आपल्या त्या कॉलेजातल्या मुलीला एक गाव शोधायला पाच नावं ठाऊक पाहिजेत. देवणी, उदगीर, लातूर, उस्मानाबाद, बीदर. वर 'लातूर' टाकून जे येईल ते अर्धंच आहे हेही तिला ठाऊक पाहिजे. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. छापील काळात हे सांगायला ग्रंथपाल होता. 'अगं, ते बीदरमध्ये बघ' एवढं एक वाक्य. डिजिटल ग्रंथालयानं पुस्तक आणून दिलं, पण ते वाक्य आणलं नाही. वाचकाचा वेळ वाचवा हे चौथं सूत्र. इथं वाचकाचे दिवसच्या दिवस जातात, आणि शेवटी तो समजतो की आपल्या भागाचं काही नाहीच.

दोन बाजूंनी पडलेली पोकळी

आता खरोखर काय नाही ते बघू.

मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांची गॅझेटियरं जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकात निघाली. पुण्याचे तीन भाग १८८५ चे. सोलापूर आहे, सातारा आहे, नाशिक आहे. जाती, पिकं, बाजार, देवळं, जत्रा, सगळं. ते सगळं आज कुणीही घरबसल्या वाचू शकतं. सोलापूर इथून काही लांब नाही. पण मधे इलाख्याची सीमा होती. सीमेच्या अलीकडं निजामाचं राज्य. आपल्या बाजूचं त्या तोडीचं जिल्हावार काम म्हणून १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर दाखवता येतं. आपल्या वाट्याला १९०९ चा हैदराबाद संस्थानाचा एक खंड येतो, त्यात साऱ्या संस्थानाबरोबर आपण चार ओळींत.

म्हणून मी म्हणतो, डिजिटल संग्रह नवा दिसतो पण त्याच्यात जुन्या राजवटींचे नकाशे तसेच्या तसे असतात. ज्या राज्यकर्त्यानं छापून ठेवलं ते स्कॅन झालं. ज्या भागाबद्दल छापलंच गेलं नाही तो भाग पडद्यावरही कोरा. पुण्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला एका दुपारी जे मिळतं, त्यासाठी देवणीवर लिहिणाऱ्याला हैदराबाद गाठावं लागतं.

मग इथं कागद नव्हताच का? भरपूर होता. पण संस्थानाच्या कारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८४ पासून उर्दू झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. गावपातळीवर मोडी चालायची. आपल्या आजोबांच्या पिढीत उर्दू वाचणारे हिंदू घरोघरी होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या पिढीबरोबर वाचणंही गेलं. आज उर्दूचं सगळ्यात देखणं डिजिटल ग्रंथालय म्हणजे २०१३ साली सुरू झालेलं 'रेख्ता'. मराठवाड्याच्या अभ्यासकानं ते उघडायला हवं, हे आपल्या डोक्यातच येत नाही. आपल्याला वाटतं तिथं गझला आहेत. गझला आहेतच, पण हैदराबादेत छापलेली गद्य पुस्तकंही आहेत. आपला इतिहास दुसऱ्या लिपीत बसलाय आणि आपण मराठीच्या खिडकीशी रांग लावून उभे आहोत.

ही झाली एक बाजू, स्वातंत्र्याच्या आधीची. दुसरी बाजू कायद्याची. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तो संपला की पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. आता मराठवाड्याचं बघा. हैदराबाद मुक्तिसंग्राम १९४८ साली संपला. त्याच्याबद्दल लिहिणारी माणसं पुढं कितीतरी वर्षं जगली, आणि जगावीच. स्वामी रामानंद तीर्थ १९७२ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३२ संपेपर्यंत चालेल. नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले, म्हणजे २०४३ उजाडावं लागेल. मराठीत मराठवाड्यानं स्वतःबद्दल लिहायला सुरुवात केली तीच मुळात उशिरा, आणि ते लिहिलेलं अजून कुलपात.

मी लेखकाच्या हक्काच्या विरोधात नाही. वारसांना चार पैसे मिळावेत. पण परिणाम काय होतो ते लक्षात घ्या. मागचं उर्दूत, म्हणून वाचता येत नाही. पुढचं कायद्यात, म्हणून चढवता येत नाही. दोन्हीच्या मधे मराठवाडा नावाची पोकळी. आणि उद्या यंत्रांना मराठी शिकवायची वेळ येते तेव्हा ती जे सहज मिळतं त्यावर शिकतात. मग तिथं पुण्या-मुंबईची एकोणिसाव्या शतकातली मराठी असते आणि आपली बोली नसते.

या पोकळीत एक अपवाद आहे, तो मुद्दाम सांगतो. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली गेले, ऐन चाळिशीत. निजामाच्या नोकरीत राहून मराठीत लिहिणारा हा माणूस. त्यांचं लेखन २०१४ च्या १ जानेवारीपासून मुक्त झालं. 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी कुणाची परवानगी न मागता टंकलिखित करून सगळ्या जगाला देता येते. हे दार उघडून दहा वर्षं उलटली. आपल्यातल्या किती जणांना ते उघडलेलं ठाऊक होतं?

सूची कोण करणार?

आता सगळ्यात कंटाळवाण्या आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडं येतो. सूची. पुस्तकाची नोंद.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' नावाचा मोठा सरकारी प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला झाला. देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातली मराठी पुस्तकंसुद्धा त्यात आहेत, शिक्का स्पष्ट दिसतो. काम अफाट होतं. पण नोंदी कशा केल्या? मराठी नावं रोमन लिपीत, आणि तीसुद्धा कुठलाही नियम न धरता. तेच पुस्तक दोनदा-तीनदा. कुठं पानं उलटी, कुठं गायब. वर्षाच्या जागी भलतंच वर्ष. चार लाखांहून जास्त पुस्तकं, आणि सापडायचं म्हणाल तर नशिबानं. पेवात धान्य भरलं, पण पेव कुठं खणलं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोटोतला शब्द शोधता येत नाही. शिकागोच्या संग्रहाचं मला कौतुक वाटतं ते याच्यासाठी. त्यांनी कोशांची नुसती पानं चढवली नाहीत, शब्द टंकून घेतले. म्हणून तिथं देवनागरीत शब्द टाकला की तो शब्द समोर येतो. उलट आपल्याकडं कितीतरी सरकारी मराठी मजकूर जुन्या फॉन्टात अडकलाय. पडद्यावर मराठी दिसते, पण युनिकोड नसल्यामुळं यंत्राच्या लेखी ती नुसती चिन्हं.

सूची हा काही ग्रंथपालांचा लाड नाही. मराठवाड्यात हे आता वेगळं सांगायला नको. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, सगळीकडची दप्तरं उघडली. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे शोधत फिरावं लागलं. कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. पुढं २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटियरबद्दलचा शासन निर्णय आला. आरक्षणाचा प्रश्न आजचा विषय नाही आणि त्यावर मी बोलणारही नाही. मी ग्रंथालयाचा माणूस म्हणून बघतो. चौकात, पारावर, एसटीत लोक 'गॅझेट' हा शब्द बोलायला लागले. पण गॅझेट म्हणजे राजपत्र, सरकारचे हुकूम छापणारं. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाचं वर्णन करणारा ग्रंथ. दोन वेगळ्या वस्तू. एक शोधायला गेलेला माणूस दुसरी हातात घेऊन परत येतो. आणि स्कॅन केलेला गठ्ठा उघडला की पान उलटत बसायचं. एका घराचं नाव शोधायला शेकडो पानं, मोबाईलच्या पडद्यावर, आणि रेंज आली तर.

ज्याच्या मुलाचा प्रवेश एका कागदावर अडलाय, त्याला सूची म्हणजे काय हे रंगनाथन न वाचताही कळतं.

नाव लिहिलं की काय होतं

चांगलं काम कसं असतं त्याचाही नमुना दाखवतो, नाहीतर मी नुसता रडगाणं गायला आलो असं वाटेल.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांहून अधिक बायका. बर्नार्ड बेल यांनी त्याचं संगणकीय भांडार उभं केलं, ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून हा संग्रह पारीवर क्रमानं येऊ लागला. आवाज आहे, मजकूर आहे, भाषांतर आहे.

पण मला त्यातलं काय आवडतं? नोंद. प्रत्येक ओवीपाशी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका. लोकसाहित्याच्या कितीतरी पुस्तकांत 'एक वृद्ध स्त्री' किंवा 'खेड्यातील बायका' एवढ्यावर भागवलेलं असतं. संकलकाचं नाव मात्र मुखपृष्ठावर. इथं गाणारी बाई लेखक म्हणून नोंदवली गेली. शिवाय ओव्या विषयानं लावल्या आहेत. माहेर, भाऊ, पंढरी, बाबासाहेब. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी डॉ. आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या त्यामुळंच नेमक्या सापडतात. नोंद नीट केली की हाती विणी लागते, नुसता कापसाचा ढीग नाही.

टीकाही करतो. या संग्रहाचं केंद्र पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात होतं, मुळशी-मावळाकडं. कार्यकर्ते तिथले, म्हणून ओव्या तिथल्या जास्त. त्यात त्यांचा दोष नाही. जो जिथं राहतो तिथलंच तो आधी गोळा करतो. आपल्या सीमेवरच्या जात्यावर मराठीत ओवी सुरू होऊन मधेच कानडी शब्द येतो, दखनी येते. ते गोळा करायला पुण्याहून कुणी यावं ही अपेक्षा का धरायची? डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसाठी मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगावच्या बोलणाऱ्यांचे आवाज ऑनलाइन ठेवले. ती एक वाट मळलेली आहे. आपण तिच्यावर चालू शकतो.

टिकणार का?

एक धोका राहिला. लोक म्हणतात, ऑनलाइन आहे म्हणजे कायमचं आहे. मुळीच नाही. मघाशी सांगितलेली डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया काही वर्षांपूर्वी बंद पडली. पुस्तकं वाचली ती कार्ल मालमुड यांनी त्यांची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवली म्हणून. मग आर्काइव्ह तरी अभेद्य आहे का? प्रकाशकांनी खटला भरला, २०२३ साली आणि पुन्हा अपिलात २०२४ साली निकाल आर्काइव्हच्या विरुद्ध गेला, पाच लाखांहून जास्त पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला आणि सगळं काही दिवस बंद होतं. त्या दिवसांत ज्या मराठी अभ्यासकाचं पुस्तक तिथंच होतं आणि दुसरीकडं कुठं नव्हतं, त्यानं काय करायचं?

आणि तरी आपल्याकडं काय चाललंय? तालुक्याच्या वाचनालयाला अनुदान वाढवा म्हटलं की उत्तर येतं, आता सगळं मोबाईलवर आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्राचा १९६७ साली आला. त्यानं अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं उभी केली. डिजिटलचं नाव पुढं करून ती मोडीत काढायची असतील तर मी त्याला ठाम विरोध करतो. डिजिटल ग्रंथालय हे गावच्या वाचनालयाला पर्याय नाही, त्याला गिऱ्हाईक आहे. मोबाईलवरचं पुस्तक उघडून देणारा, 'बीदरमध्ये बघ' म्हणणारा माणूस गावातच लागतो.

आपल्या हातातलं काम

मग करायचं काय? मी तीन कामं सुचवतो. तिन्ही देवणीत बसून होतील.

पहिलं, विकिस्रोत. तिथं टंकलेला मजकूर डावीकडं आणि पुस्तकाचं पान उजवीकडं, असं काम चालतं. कच्चं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. एकाच्या चुकीला दुसऱ्याचा डोळा. दहावी झालेला कुणीही हे करू शकतो. बी. रघुनाथांचं एक पुस्तक घ्या. रोज एक पान धरलं तरी वर्षात हिरवं होईल. आणि ते नुसता फोटो राहणार नाही, त्यातला प्रत्येक शब्द शोधता येईल.

दुसरं, आवाज. घरातली आजी, गुराखी, बैलबाजारातला हेडी, यांच्याशी बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. पण आधी विचारा, आणि नंतर नोंद करा. परवानगी असेल तर नाव, नाहीतर नुसतं गाव. कुठली बोली, कोणत्या कामाबद्दल, कोणत्या तारखेला. गुराचे रंग, शिंगांचे प्रकार, दाव्याचे प्रकार, हे शब्द कोशात चढायच्या आधी माणसं जाऊ नयेत. प्रती किमान तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक या वाचनालयात.

तिसरं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगाचं. गावांच्या नावांची यादी. तालुक्यातलं प्रत्येक गाव आज मराठीत कसं लिहितात, सरकारी इंग्रजीत कसं, जुन्या इंग्रजी कागदात कसं, उर्दूत कसं. कोणत्या सालापर्यंत कोणत्या तालुक्यात, कोणत्या जिल्ह्यात. रेख्तावर तोच मजकूर उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत मिळतो, तसं आपल्या गावांचं करायचं. उदगीरला, इथंही, उर्दू वाचणारे शिक्षक आहेत. त्यांना बोलवा, मान द्या. मोडी येणारी माणसं अजून आहेत. अशी यादी झाली आणि ऑनलाइन गेली, की पुढच्या मुलीला पाच नावं कुणी वेगळी सांगायला नकोत. कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाला ती आपल्या शोधयंत्रात घालता येईल. हे काम शिकागोत होणार नाही, मुंबईतही होणार नाही. 'देवणी' आणि 'देओनी' एकच, हे इथल्याच माणसाला न विचारता ठाऊक असतं.

मी मागं टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. चहा घेऊन जाताना आपापल्या गावाच्या नावाची जेवढी रूपं आठवतात तेवढी तिच्यात लिहा. सातबाऱ्यावरचं, शाळेच्या दाखल्यावरचं, आजोबांच्या कागदावरचं. उर्दूत येत असेल तर उर्दूत. वही वाचनालयातच राहील.

आता प्रश्न विचारा.